सोमवारचा घाणा

भाई, तेराव्याला आलेल्या प्रत्येकाने मला सांगितलं की तू किती शांत माणूस होतास. कणकवलीचे काका तर म्हणाले, "कोणाक कधी उलटो शब्द बोललो नाय." मी मान हलवली आणि त्यांच्या पानात भात वाढला. पंगतीत कोण वाद घालणार? पण तुझ्याशी घालायला मला काही हरकत नाही. तू शांत नव्हतास, हट्टी होतास. हट्टी माणूस कमी बोलतो, म्हणून लांबून तो शांत दिसतो.

काका लांबून बघत होते. मी आणि वैनी जवळून बघत होतो.

आणि तेही शेवटची दोनच वर्षं. त्याआधी तू या घरचा पाहुणा होतास. मालवाहू बोटीवर स्वयंपाकी. एक सफर संपली की महिना-दोन महिने घरी, की पुन्हा मुंबईची एस.टी. तुम्हांला मूल झालं नाही. घरात मी आणि वैनी. मी सकाळी हायस्कुलात भूगोल शिकवायला जायचे, वैनी कोंबड्या, काजूची झाडं आणि घर बघायची. तू यायचास तेव्हा आम्ही दोघी जरा नीट वागायचो, चांगल्या ताटात वाढायचो. तू गेलास की पुन्हा आपल्या चालीने. इतकी वर्षं अशीच गेली. नणंद-भावजय असून आम्हां दोघींचाच संसार जास्त झाला, असं मी एकदा म्हटलं होतं, तर वैनी हसली होती. तू नव्हता हसलास.

मग एकदा बोटीवर जाण्याआधीच्या तपासणीत डॉक्टरांनी तुझं हृदय ऐकलं आणि तुला परत पाठवलं. तू घरी आलास तो पत्र्याची ट्रंक, ओट्सचे चार मोठे डबे आणि तो गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन घेऊन. झाकणाला मध्ये काच. वैनीला वाटलं, भात शिजवायचं काहीतरी नवीन आहे.

पहिल्याच आठवड्यात तू स्वयंपाकघर ताब्यात घेतलंस. पळ्या आकाराप्रमाणे टांगल्यास. मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यास, त्याही इंग्रजीत. वैनीला तिचीच हळद सापडेना. ती चुलीसमोरून उठून माझ्याकडे आली आणि तुला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाय, तुझ्या भावाक सांग, ह्यां घर आसा, बोट नाय. हय आपल्याक दोन डोळे आसत, हळद दिसता." चिठ्ठ्या मात्र तशाच राहिल्या.

बोटीवर तुझ्या कुक्यांचं मोठं नाव होतं म्हणे. ओट्स, लोणी, साखर, मैदा आणि वर चॉकलेटचे तुकडे. कप्तानापासून इंजिनात तेल घालणाऱ्यापर्यंत सगळे ताटं घेऊन दारात उभे राहायचे, हे तू मला सांगितलंस, वैनीला नाही. मी म्हटलं, मग घरी येताना कधी आणल्या का नाहीस? तू म्हणालास, घरी पोचेपर्यंत चुरा होतो, आणि कुकी गरम खायची असते. मग म्हणालास, "सगळ्या जगान माझ्या हातचां खाल्लां गो. हिनाच तेवढां नाय."

हे वाक्य तू तिला बोलून दाखवायला हवं होतंस. मी तेव्हाच म्हटलं, "जा आणि तिका सांग." तू म्हणालास, "आधी जमांदे."

आधी जमांदे! तुझं सगळं तिथेच अडलं.

पहिला घाणा लावलास तेव्हा वैनीने ओट्सचा डबा हुंगला आणि म्हणाली, "ह्यां तर घोड्याचां खाणां." पण ती गेली नाही, दारात उभी राहिली. संध्याकाळची वेळ होती, बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याची यंत्रं सगळी वीज ओढत होती, आणि आपल्या घरात दिवा मिणमिणत होता. आमचा वेगळा जिल्हा झाला तरी व्होल्टेज काही वाढलं नव्हतं. ओव्हन कोमट झाला, पण त्यापुढे जाईना. काचेतून आम्ही तिघं बघत होतो. तुझे छान वळलेले गोळे पसरले, एकमेकांना चिकटले आणि घावण्यासारखे पांढरट सपाट होऊन पडले. तू झाकण काढलंस. वैनीने हात पुढे केला.

"द्या हय तशीच. माका चलतत."

"असली खावची नाय," तू म्हणालास. "जमली काय देतंय."

आणि तो सगळा घाणा तू मागच्या दारी कोंबड्यांना घातलास. वैनीचा हात तसाच राहिला. भाई, मी तिथे होते. मी तो हात बघितला. तू कोंबड्यांकडे बघत होतास.

मग सुरू झाली तुझी शर्थ. तू स्टॅबिलायझर आणलास, तर फ्यूज उडाला आणि शेजाऱ्यांच्याही घरात अंधार झाला. ओट्स संपले तेव्हा म्हापशाला एस.टी.ने जाऊन नवे डबे आणलेस, डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हटलेलं असताना. मे महिन्यात चॉकलेट वितळायला लागलं, तेव्हा त्याच्या वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून, डब्यात खाली दगड ठेवून, तो दोरीने विहिरीत सोडलास. वैनी पाणी काढायला गेली, कळशी डब्यावर आपटली. ती ओरडत आली, "बावीत काय सोडलात?" मी हसून हसून खाली बसले होते. तूही हसलास. आपण तिघं एकत्र हसलो असं त्या दोन वर्षांत फार वेळा झालं नाही, म्हणून सांगते.

तुझ्या लक्षात आलं की सोमवारी बर्फाचा कारखाना बंद असतो. सोमवारी निम्मं मालवण मासे खात नाही, होड्याही कमी जातात. त्या दिवशी दुपारी दिवे लख्ख असायचे. तू सोमवारी ओव्हन लावलास, आणि कुकी झाली. खरोखर झाली. कडेला तांबूस, मध्ये मऊ, वर चॉकलेटचे काळे ठिपके. घरभर लोण्याचा आणि भाजलेल्या ओट्सचा वास. मी दोन खाल्ल्या आणि कबूल केलं की बोटीवरचे लोक काही वेडे नव्हते.

तू बशी घेऊन वैनीकडे गेलास. तिने विचारलं, "ह्याच्यात अंडां आसा?"

होतं. आणि तिचा सोमवार होता, अंडं-मासे वर्ज्य. लग्न झाल्यापासूनचा. तू घरी नसताना, बोट कुठे आहे ते महिनोनमहिने कळत नसताना, तिने तो अधिकच कडक केला होता. ती म्हणाली, "ठेवा, उद्या खातंय." तू म्हणालास, उद्या ती कुकी नसते. समुद्राच्या हवेत रात्रीतून मऊ पडते. आणि दुसऱ्या दिवशी, तिने डबा उघडायच्या आत, तू तीही कोंबड्यांना घातलीस.

असं किती सोमवार झालं रे? मंगळवार ते रविवार व्होल्टेज नाही, आणि सोमवारी वैनी अंडं खात नाही. जमलेली तिला चालत नव्हती, आणि न जमलेली तू तिला देत नव्हतास. मी मध्ये उभी राहून दोघांवर चिडत होते. तुला म्हणायचे, "अंड्याशिवाय कर." तू म्हणायचास, "अंडां नाय तर ती धरतली कशी?" मी म्हणायचे, "न धरूंदे, तुटकी खाईल ती." तू मला भूगोल शिकवायला सांगायचास. वैनीला म्हणायचे, "एक सोमवार सोड." ती म्हणायची, "तेंच्यासाठीच धरलंय तो. तेंच्या बिस्कुटासाठी कसो सोडू?" तिचं उत्तर मला पटायचं. तुझं कधीच पटलं नाही.

म्हणजे बघ, ती तुझ्यासाठी सोमवार पाळत होती आणि तू तिच्यासाठी कुकी करत होतास, आणि दोघांनी मिळून एका भिंतीच्या अल्याड-पल्याड दोन वर्षं काढली. मला अजून राग येतो.

तुझ्याबद्दल फक्त वाईटच लिहायला बसले नाही मी. माझ्या वर्गात पृथ्वीचा गोल आहे तो तू आणलेला. कस्टमवाल्यांना समजावून, मांडीवर घेऊन, मुंबईपासून इथपर्यंत. मालवणची मुलं त्याच्यावर हात फिरवून विषुववृत्त शोधतात. माझ्या लग्नासाठी सगळे मागे लागले होते तेव्हा तू एकदाच सगळ्यांसमोर म्हणालास, "तिका होया तेव्हा ती सांगतली," आणि तो विषय या घरात पुन्हा निघाला नाही. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. मानायचे असतात असं वाटलंच नाही, तू आहेस म्हटल्यावर. मला जे हवं होतं ते तू एका वाक्यात देऊन टाकलंस. मग तिच्या बाबतीत तुझं तोंड का शिवलं गेलं होतं?

तो शेवटचा सोमवार. दिवाळीची सुट्टी होती. वैनी सकाळीच धामापूरला भगवतीची ओटी भरायला गेली होती, संध्याकाळच्या गाडीने येणार होती. मी खोलीत सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. तू बशी घेऊन आलास. बशीत एकच कुकी.

"खाऊन बघ."

मी खाल्ली. जरा जड होती, पण चांगली होती. गोडही वेगळी, गुळाची.

"आज अंडां घालूक नाय," तू म्हणालास.

मी पेन खाली ठेवलं. "मगे काय घातलंस?"

"केळां. आणि नारळाचो घट्ट रस. धरली बघ." तुझा चेहरा एवढा उजळलेला मी लहानपणी पाहिला असेल. "ही नुसती बघूक केली. बाकीचां पीठ ठेवलंय झाकून. ती इली काय गरम देतंय. तू सांगू नको."

मला इतकं बरं वाटलं की ते लपवायला मी म्हटलं, "केळ्याचो वास येता."

"तुका काय कळता? खडू खावन खावन तुझी जीभ गेली."

तू बशी उचलून गेलास. आपलं शेवटचं बोलणं हे. त्याबद्दल मी माफी मागणार नाही, कारण वास येत होता.

नंतर मी चहा केला आणि तुला हाक मारली. तू पडवीतल्या खुर्चीत बसला होतास, रस्त्याकडे तोंड करून. दुसऱ्यांदा हाक मारली. मग जवळ आले. डॉक्टर शेजारच्याच आळीतले, धावत आले, पण त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते म्हणाले, त्रास झाला नसेल. हे वाक्य त्यांनी आम्हांला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल, पण मी ते धरून ठेवलं आहे.

वैनी आली तेव्हा अंगणात चपलाच चपला होत्या. तिच्या हातात ओटीचा नारळ आणि प्रसादाची पुडी. ती चपलांकडे बघत उभी राहिली, कोणाच्या आहेत ते ओळखायचा प्रयत्न करत असल्यासारखी. मी जाऊन तिला धरलं.

आणि मग ते झालं. घरात माणूस गेलं की शिजवलेलं-भिजवलेलं सगळं बाहेर टाकतात, तसं शेजारच्या काकी स्वयंपाकघर आवरत होत्या. त्यांनी फडकं उचलून परात बघितली. "ह्यां कसलां पीठ?" त्या म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता मागच्या दारी नेऊन माडाच्या आळ्यात ओतलं. मला दारातून सगळं दिसत होतं. वैनी माझ्या खांद्यावर होती. मी काय ओरडायला हवं होतं? टाकू नका, त्यात अंडं नाही, असं? तू आत पडलेला असताना?

काकींची चूक नाही. कोणाचीच नाही. म्हणून तर राग कुठे ठेवावा ते कळत नाही, आणि तो तुझ्याकडे येतो. एक सोमवार आधी केळं घातलं असतंस तर? एक महिना आधी? पहिल्याच दिवशी तो पांढरट, चिकट, फसलेला तुकडा तिच्या हातावर ठेवला असतास तर?

तेरावं झालं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पडवीत तांदूळ निवडत बसलो होतो. मी वैनीला सांगितलं. केळं, नारळाचा रस, झाकलेलं पीठ, गरम द्यायचं होतं, सगळं. ती सूप खाली ठेवून ऐकत होती.

"अंडां नाय?"

"नाय."

मला वाटलं ती रडेल. इतके दिवस ती फारशी रडली नव्हती, आलेल्या बायकाच जास्त रडल्या. पण ती चिडली. अशी चिडली की कोंबड्या दूर पळाल्या.

"मगे दोन वर्सां काय करी होते हे? दोन वर्सां माका वास दिल्यानी नुसतो! मी हात पुढे करी, आणि हे कोंबड्यांका घालीत! कोंबड्यांवांगडा लगीन केललां काय?" ती बोलत राहिली. तुझ्या सफरी, न आलेली पत्रं, हळदीच्या डब्यावरची चिठ्ठी, सगळं निघालं. मी मध्ये पडले नाही. मला ते ऐकून हलकं वाटत होतं. मग ती थांबली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "उद्या सोमवार आसा, मी करतंय. माका सांग कसां करीत."

मला तरी कुठे माहीत होतं? तू कधी मापून घातलंस? ओट्स किती तर एवढे, लोणी किती तर पुरेल इतकं. मी आठवून आठवून सांगितलं. चॉकलेटची एकच वडी उरली होती, ती वैनीने विळीवर चिरली. केळी कुस्करली, गूळ चिरून घातला, रस काढला. ओव्हनचा प्लग लावताना ती घाबरत होती, तो मी लावला. दिवे लख्ख होते. आम्ही दोघी काचेला डोळे लावून बसलो.

वरून चांगल्या दिसत होत्या. झाकण काढलं तर खालून करपलेल्या, आणि मोडून बघितलं तर आत कच्च्या. ओव्हन मधूनच बंद करायचा, पुन्हा लावायचा, असं तुझं काहीतरी होतं. ते तू आम्हांला सांगितलेलं नव्हतंस.

"टाकूया," मी म्हटलं.

"कित्याक?" वैनी म्हणाली. तिने एक उचलली, करपलेला भाग सुरीने खरवडला आणि तोंडात घातली. गरमच. बराच वेळ चावत राहिली.

"अशीच लागता?"

"नाय. भाईची बरी होती."

"केळ्याचो वास येता."

"तेच्यातय येय होतो," मी म्हटलं, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा मला रडू आलं. तिला नाही आलं. तिने दुसरी उचलली, तीही खरवडली. ती खात होती आणि विचार करत होती. मग तिने मला विचारलं, बोटीवर माणसं किती असतात? मी म्हटलं, पंचवीस-तीस तरी असतील. तेवढ्या सगळ्यांचं हे एकटेच करायचे? मी म्हटलं, हाताखाली कोणी असेल. उन्हाळ्यात तिथे गरम होत असेल ना? होत असेल. असेल, असेल, असं मी म्हणत राहिले. इतकी वर्षं आम्ही तुझ्या बोटीबद्दल कधी काही विचारलं नव्हतं, ते तिला त्या क्षणी कळलं असावं, कारण तिचे प्रश्न थांबेनात.

"सगळ्यांका वाढून झाल्यार हे कोणावांगडा जेवत?" तिने विचारलं.

भाई, मी भूगोल शिकवते. तुझं जहाज कुठल्या समुद्रातून कुठल्या बंदराला गेलं, ते मी गोलावर दाखवू शकते. पण सगळ्यांना वाढून झाल्यावर तू कोणाबरोबर जेवायला बसायचास, की एकटाच उभ्याने खायचास, मला माहीत नाही. वैनी माझ्याकडे बघत होती. तिला खरंच उत्तर हवं होतं.

"माका ठावक नाय, वैनी."

"इचारूक होया होतां," ती म्हणाली, आणि उरलेल्या कुक्या ताटात घेऊन आत गेली.